माणसे निम्मी, बिल दुप्पट!



आधी एक कोडे. एका घरात आठ माणसे राहत होती, तेव्हा महिन्याला ६२ युनिट वीज लागली. त्यांतील चार माणसे गावाला गेली आणि पुढच्याच महिन्यात १२० युनिटांचे बिल आले. नवे कोणतेही मोठे यंत्र घरात आलेले नव्हते. उलट थंडी पडल्यामुळे पंखेही बंद होते. मग वीज गेली कोठे?

हे कोडे मी रचलेले नाही. बीड तालुक्यातील लिंबागणेश हे गाव तुमच्यापैकी काहींना तेथील भालचंद्र गणपतीमुळे माहीत असेल. १४ डिसेंबर हा आपल्या देशात राष्ट्रीय ऊर्जा संवर्धन दिन म्हणून पाळतात. त्यानिमित्त २०२४ साली मी तेथे मुलांशी बोलायला गेलो होतो. येताना प्रत्येकाने घरचे विजेचे बिल आणावे, असे आधीच कळवले होते. बोलणे संपल्यावर नववीतील एक मुलगा बिल हातात घेऊन जवळ आला आणि म्हणाला, "सर, आमचं मीटर पळतंय."

त्याचे आईवडील आणि काका-काकू दिवाळीनंतर ऊसतोडीला गेले होते. बीड जिल्ह्यातील वाचकांना याचे नवल वाटणार नाही. मुकादमाकडून उचल घेऊन दर वर्षी येथील लाखो माणसे साखर कारखान्यांच्या भागात जातात, ती उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. घरी राहिली ती आजी, दहावीतील बहीण, हा मुलगा आणि धाकटा भाऊ. आईने जाताना घरखर्चाचे पैसे आजीजवळ मोजून दिलेले. त्यात विजेला धरलेले पैसे होते पूर्वीच्या बिलाच्या अंदाजाने. आधीचे एक बिल थकलेले होतेच. आता हे दुसरेही थकले तर वीज तोडतील, आणि फेब्रुवारीत बहिणीची दहावीची परीक्षा! मुलाच्या चेहऱ्यावरची काळजी खरी होती.

मी त्याला म्हटले, "मीटर पळते की नाही, हे तूच तपासू शकशील. त्यासाठी घड्याळ आणि वही पुरे."

एक युनिट म्हणजे किती?

तपासणीला लागण्यापूर्वी एक गोष्ट पक्की करून घेऊ. विजेच्या उपकरणावर 'वॅट' लिहिलेले असतात. तो आकडा ते उपकरण दर सेकंदाला किती ज्यूल ऊर्जा घेते, हे सांगतो. १०० वॅटचा दिवा सेकंदाला १०० ज्यूल घेतो. असा दिवा दहा तास जळला की १०० × १० = १००० वॅट-तास, म्हणजे एक किलोवॅट-तास वीज खर्च झाली. यालाच आपण 'युनिट' म्हणतो. ज्यूलमध्ये सांगायचे तर

१ युनिट = १००० वॅट × ३६०० सेकंद = ३६,००,००० ज्यूल.

म्हणजे बिल वॅटवरही ठरत नाही आणि तासांवरही ठरत नाही. ते दोहोंच्या गुणाकारावर ठरते. लहान दिवा रात्रभर जळला तर तो खर्चिक ठरतो आणि मोठे यंत्र दोनच मिनिटे चालले तर ते स्वस्त पडते. हा गुणाकार विसरल्यामुळेच आपले अंदाज चुकतात.

आता छत्तीस लाख ज्यूल म्हणजे केवढे, तेही पाहू. ज्वारीचे एक क्विंटलचे पोते उचलून वर नेण्यास किती ऊर्जा लागते? वस्तुमान × गुरुत्व त्वरण × उंची. हिशेब करा: एका युनिटात ते पोते सुमारे ३६७० मीटर उंच नेता येईल. महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई १६४६ मीटरचे. त्याच्या दुपटीहून अधिक उंचीवर एक क्विंटल ज्वारी, आणि तीही एका युनिटात!

पण हेच एक युनिट पाणी तापवायला वापरले तर? एक लिटर पाण्याचे तापमान एक अंश सेल्सिअसने वाढवायला ४२०० ज्यूल लागतात. थंडीतील २० अंशांचे पाणी ४० अंशांपर्यंत कोमट करायचे म्हटले, तर एका युनिटात जेमतेम ४३ लिटर होईल. म्हणजे मोठ्या दोन बादल्या. एकीकडे दोन कळसूबाई, दुसरीकडे दोन बादल्या कोमट पाणी! ही तुलना ध्यानात ठेवा. आपल्या कोड्याचे उत्तर तिच्यातच दडलेले आहे.

मीटरचे लुकलुकणे

घरातील इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक लहान लाल दिवा लुकलुकत असतो. मीटरच्या दर्शनी भागावर एक संख्या छापलेली असते. त्या मुलाच्या मीटरवर ३२०० होती. तुमच्याकडे वेगळी असू शकेल. तिचा अर्थ असा, की एक युनिट वीज खर्च होईपर्यंत दिवा ३२०० वेळा लुकलुकतो. म्हणजे एका लुकलुकीमागे ३६,००,००० ÷ ३२०० = ११२५ ज्यूल.

मग तपासणी अगदी सोपी. मुलाने संध्याकाळी घरातील सगळे बंद केले आणि दहा मिनिटे मीटरसमोर बसून राहिला. दिवा एकदाही लुकलुकला नाही. मग अंगणातील १०० वॅटचा जुना, तारेचा बल्ब तेवढा लावला. तो बल्ब ११२५ ज्यूल घ्यायला ११.२५ सेकंद घेणार. म्हणून तीन मिनिटांत १६ लुकलुकी व्हायला हव्यात. त्याने मोजल्या तर बरोबर १६ भरल्या.

मीटर पळत नव्हते. ते जेवढी वीज जात होती, तेवढीच मोजत होते. तेव्हा आता आपणही मोजले पाहिजे, असे आम्ही ठरवले.

घराची झडती

मुलाने आणि त्याच्या बहिणीने मिळून प्रत्येक वस्तूचे वॅट आणि रोजचे तास वहीत मांडले. आधी सगळी माणसे घरी होती त्या ऑक्टोबर महिन्याचा हिशेब (तीस दिवसांचा):

दोन पंखे, प्रत्येकी ७५ वॅट, १० तास – ४५ युनिट
चार एलईडी दिवे, प्रत्येकी ९ वॅट, ५ तास – ५.४ युनिट
टीव्ही, ६० वॅट, ४ तास – ७.२ युनिट
इस्त्री, मिक्सर, मोबाइल वगैरे – सुमारे ४ युनिट
एकूण – सुमारे ६२ युनिट

बिलाशी अगदी जुळले. आता माणसे गेल्यानंतरचा महिना. पंखे बंद, म्हणजे ४५ युनिट वाचले. मग राहायला हवे होते १७ युनिट. प्रत्यक्षात झाले १२०. उरलेले १०३ युनिट शोधायचे होते. बहिणीने विचार करून दोन गोष्टी सांगितल्या.

पहिली गोष्ट अंगणातील बल्बची. घरात कर्ता माणूस नाही, म्हणून आजी तो बल्ब रात्रभर जळत ठेवी. १०० वॅट × १२ तास × ३० दिवस = ३६ युनिट.

दुसरी गोष्ट अंघोळीच्या पाण्याची. आई घरी असताना पहाटे चुलीवर, पऱ्हाट्यांच्या जाळावर पाणी तापवी. आई गेली. सरपण आणणे, धुरात बसून जाळ करणे, स्वयंपाक, शाळा हे सारे मुलीला जमेना. घरात पाणी तापवायचा विजेचा रॉड एका कोपऱ्यात पडून होता. तो काढला. १५०० वॅटचा रॉड रोज दीड तास: १५०० × १.५ × ३० = ६७.५ युनिट.

३६ आणि ६७.५ मिळून १०३.५. कोडे सुटले.

पाहा बरे, यात उधळपट्टी कोणी केली होती? आजीने केली नव्हती आणि मुलीनेही नाही. एकीला सुरक्षित वाटावे म्हणून दिवा हवा होता, दुसरीला अभ्यासासाठी वेळ हवा होता. दोन्ही गरजा खऱ्याच. म्हणून "दिवा विझवा, थंड पाण्याने अंघोळ करा" असे सांगून प्रश्न सुटणार नव्हता. काटकसर म्हणजे अंधारात बसणे नव्हे. तीच गरज कमी ऊर्जेत कशी भागेल, हे शोधणे म्हणजे काटकसर.

बल्बचा इलाज

तारेच्या बल्बमध्ये तार तापवून पांढरी करतात, तेव्हा ती प्रकाश देते. पण शंभर भाग ऊर्जेपैकी जेमतेम पाच भाग प्रकाश होतो. उरलेली सगळी उष्णता. बल्बजवळ हात नेला की पटते. म्हणजे आजी रात्रभर दिवा लावत नव्हती, खरे तर अंगणात एक शेगडी पेटवून ठेवत होती! एलईडीत तार तापवावी लागत नाही. अर्धवाहकातून वीज वाहताना सरळ प्रकाशच निर्माण होतो. म्हणून कमी वॅटमध्ये काम भागते. १०० वॅटच्या बल्बइतकाच प्रकाश हवा तर सुमारे १४ वॅटचा एलईडी लागेल. अंगणात माणूस ओळखू यावा एवढ्यासाठी ९ वॅटचा पुरला. बारा तास जळूनही महिन्याचा खर्च ३.२ युनिट. आजीचा दिवा रात्रभर जळतच राहिला आणि ३३ युनिट वाचले.

पाण्याचा हिशेब

पाण्याचे प्रकरण मात्र अधिक विचार करायला लावणारे आहे. चार माणसे, प्रत्येकी १५ लिटर, म्हणजे ६० लिटर पाणी २० अंशांवरून ४० अंशांवर न्यायचे. लागणारी उष्णता:

६० × २० × ४२०० = ५०,४०,००० ज्यूल = १.४ युनिट.

रॉड खात होता २.२५ युनिट. उरलेले ०.८५ युनिट कोठे गेले? मुलांची पद्धत अशी: २० लिटरच्या बादलीत रॉड टाकायचा, पाणी खळखळा उकळेपर्यंत ठेवायचा आणि मग त्यात थंड पाणी मिसळत एकेकाने अंघोळ करायची. मुलगा म्हणाला, "एकच बादली तापवतो सर, बाकीचं पाणी थंडच घालतो. बचत होत असेल ना?"

नाही होत. २० लिटर पाणी ८० अंशांपर्यंत तापवा आणि त्यात २० अंशांचे ४० लिटर मिसळा. मिश्रण ६० लिटर, तापमान ४० अंश. तापवायला लागलेली उष्णता २० × ६० × ४२००, म्हणजे पुन्हा ५०,४०,००० ज्यूलच! मिसळण्याने उष्णता फुकट मिळत नाही.

उलट तोटा होतो. गरम वस्तू किती वेगाने निवते, हे तिच्या व भोवतालच्या तापमानातील फरकावर अवलंबून असते. हा न्यूटनचा शीतनाचा नियम तुम्ही शिकला असाल किंवा लवकरच शिकाल. ४० अंशांच्या पाण्याचा भोवतालाशी फरक २० अंशांचा. ८० अंशांच्या पाण्याचा ६० अंशांचा. म्हणजे ते सुमारे तिप्पट वेगाने उष्णता गमावते. शिवाय बादली उघडी. पाणी उकळू लागले की पुढची सारी वीज वाफ करण्यात जाते. एक लिटर पाणी २० अंशांवरून उकळीपर्यंत न्यायला जेवढी उष्णता लागते, तिच्या जवळजवळ सातपट उष्णता त्याच पाण्याची वाफ करायला लागते. पहाटेच्या थंडीत बादलीवर दिसणारे ते धुके फार महाग असते!

तेव्हा पहिला नियम ठरला: हवे तेवढेच पाणी, हवे तेवढेच तापवायचे, झाकण ठेवून आणि घड्याळ लावून. पण एवढे करूनही रोजचे दीड युनिट लागणारच होते. गरज जेवढी, तेवढी उष्णता कोणीतरी दिलीच पाहिजे. मग ती विजेऐवजी दुसऱ्या कोणाकडून घेता येईल?

फुकटची शेगडी

आपल्याकडे स्वच्छ उन्हाच्या दिवशी एक चौरस मीटर जागेवर दिवसभरात सुमारे पाच युनिट ऊर्जा पडते. बीडच्या थंडीत आकाश बहुधा निरभ्र असते. तेव्हा मुलांनी एक प्रयोग केला. एक काळा प्लास्टिकचा पिंप पाण्याने भरून उन्हात ठेवला. त्याच्या शेजारी चार पसरट लोखंडी घमेली बाहेरून व आतून काळी करून, पाणी भरून, वर पारदर्शक प्लास्टिक ताणून बांधून ठेवली. दुपारी साडेचारला शाळेच्या तापमापीने दोन्हीकडचे तापमान मोजले. पिंपात २८ अंश, घमेल्यांत ३५ अंश!

ऊन तेच, रंगही तोच. मग फरक का? पिंप उंच आणि खोल. उन्हासमोर येणारा त्याचा भाग पोटातील पाण्याच्या मानाने थोडा. घमेले पसरट, म्हणून थोड्या पाण्याला जास्त ऊन मिळते. वरच्या प्लास्टिकमुळे बाष्पीभवन थांबते आणि वाऱ्याने होणारे निवणेही कमी होते. घरांच्या छपरांवर दिसणाऱ्या सौर बंबातही हेच तत्त्व असते: काळा, पसरट पृष्ठभाग, वर काच आणि साठवलेल्या पाण्याभोवती उष्णतारोधक वेष्टण. मुलांनी वेष्टणाचे काम गोणपाटावर भागवले. चारच्या सुमारास आजी घमेली गोणपाटाने झाकून ठेवी, ती शाळा सुटून मुले येईपर्यंत पाणी कोमट राही.

म्हणजे अंघोळ पहाटे न करता सायंकाळी करायची. येथे विज्ञानाची गाठ आजीशी पडली. "पारोशानं चुलीजवळ यायचं नाही," असा घरचा दंडक. दोन दिवस वाद झाला. शेवटी आजीनेच तोड काढली: सकाळची देवपूजा आणि स्वयंपाक ती स्वतः अंघोळ करून करील, मुलांनी हातपाय धुऊन जेवावे, शाळेला जावे आणि परत आल्यावर उन्हाच्या पाण्याने अंघोळ करावी. रॉड फक्त आजीच्या १५ लिटर पाण्यासाठी, झाकण ठेवून, २० मिनिटे. रोजचा अर्धा युनिट, महिन्याचे १५.

नवा हिशेब झाला: दिवे ५.४, टीव्ही ७.२, किरकोळ ४, अंगणातील दिवा ३.२, रॉड १५. एकूण ३५ युनिट.

शेवटची युनिटे सर्वांत महाग

आता पैशांकडे वळू. येथे एक गोष्ट अनेक मोठ्या माणसांनाही ठाऊक नसते. घरगुती विजेचा दर सगळ्या युनिटांना सारखा नसतो. तो टप्प्यांनी वाढतो. २०२४-२५ या वर्षी महावितरणचा दर पहिल्या १०० युनिटांना प्रत्येकी ४ रुपये ७१ पैसे होता, तर १०१ ते ३०० या युनिटांना प्रत्येकी १० रुपये २९ पैसे. दोन्हींवर १ रुपया १७ पैसे वहन आकार. म्हणजे शंभरपर्यंत एक युनिट ५ रुपये ८८ पैशांना आणि शंभरापुढे ११ रुपये ४६ पैशांना!

त्या मुलाच्या १२० युनिटांचे असे झाले:

पहिली १०० युनिट – ५८८ रुपये
पुढची २० युनिट – २२९ रुपये २० पैसे
एकूण – ८१७ रुपये २० पैसे

यावर स्थिर आकार आणि शेकडा १६ वीज शुल्क वेगळे. आता पाहा, बल्ब बदलल्याने वाचलेल्या ३३ युनिटांपैकी २० युनिटे महागड्या टप्प्यातील होती. त्यामुळे त्या एकाच बदलाने तीनशे रुपयांहून अधिक वाचले. शंभरेक रुपयांच्या एलईडीची किंमत पहिल्याच महिन्यात फिटली. बचत नेहमी वरच्या टोकाकडून सुरू होते, म्हणून पहिली बचत सर्वांत मोलाची असते. दर पुढे बदलतात, बदललेही आहेत. टप्पे आणि चालू दर तुमच्या बिलावर पाहून घ्या. एक लक्षात ठेवा: स्थिर आकार युनिटे कमी झाली तरी कमी होत नाही, तेव्हा तो हिशेबात वेगळा धरावा.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात मुलाचे बिल आले ते ४१ युनिटांचे. हिशेब ३५ चा होता. मधे काही दिवस आभाळ भरून आले, तेव्हा रॉड वापरावा लागला, असे त्याने वहीत नोंदवले होते. ते वाचून मला बरे वाटले. अंदाज आणि मोजमाप यांत फरक आला की तो लपवायचा नसतो, त्याचे कारण शोधायचे असते. ४१ युनिटांचे २४१ रुपये झाले. शुल्क धरून महिन्याला साडेसहाशे रुपयांवर बचत झाली. जुनी थकबाकी त्यातूनच फिटली. बहिणीच्या परीक्षेत घरात दिवा होता.

परळीचे पाणी

आता जाता जाता या हिशेबाची दुसरी बाजू पाहू. ती आपल्याच जिल्ह्यात आहे.

परळीच्या औष्णिक वीज केंद्राचा पहिला संच १९७१ साली सुरू झाला. तेथे काय होते? कोळसा जाळून पाण्याची वाफ करतात, वाफेने चक्र फिरवतात आणि चक्राने जनित्र. पण उष्णतेचे पूर्ण रूपांतर कार्यात करता येत नाही, असा निसर्गाचा नियम आहे. त्याला उष्मागतिकीचा दुसरा नियम म्हणतात. अशा केंद्रात कोळशातील शंभर भाग उष्णतेपैकी सुमारे ३५ भागच वीज बनते. उरलेली उष्णता धुरांड्यातून आणि शीतन मनोऱ्यांतून हवेत जाते. थोडी वीज वाटेत तारा तापवण्यात जाते. एवढे सोसून घरी आलेल्या विजेची आपण रॉडमध्ये पुन्हा उष्णताच करतो! कोळशाने पाणी तापवायचे, त्यातून तिसऱ्या हिश्शाची वीज काढायची आणि तिने पुन्हा पाणीच तापवायचे. वीज ही कष्टाने काढलेल्या तुपासारखी आहे. ती दिवे, पंखे, पंप, यंत्रे यांच्यासाठी राखावी. नुसत्या कोमट पाण्याला ऊन पुरते.

शीतन मनोऱ्यांतून पाणीही उडून जाते. २०१५ साली केंद्र सरकारने असे मनोरे असलेल्या जुन्या केंद्रांना मर्यादा घातली, ती युनिटमागे साडेतीन लिटर पाण्याची. पाणीच नसेल तर? २०१३ च्या दुष्काळात तेच घडले. पाण्याअभावी परळीचे केंद्र बंद ठेवावे लागले.

आपल्या घरी येणारे प्रत्येक युनिट परळीचेच असते असे नाही. सगळी केंद्रे एकाच जाळ्याला जोडलेली असतात. पण कोळशाच्या केंद्रातील युनिट धरले, तर त्या घराने महिन्याला वाचवलेल्या ७९ युनिटांमागे पावणेतीनशे लिटर पाणी आणि पन्नासेक किलो कोळसा वाचला. टँकरच्या रांगेत उभे राहिलेल्या कोणालाही पावणेतीनशे लिटर म्हणजे काय, हे सांगायला नको.

करून पाहा

१. सलग सात दिवस, ठरावीक वेळी मीटरचे आकडे वहीत लिहा. आजच्या आकड्यातून कालचा वजा केला की एका दिवसाची युनिटे मिळतात. कोणत्या दिवशी जास्त झाली आणि का?

२. तुमच्या मीटरवरील संख्या वाचा आणि एका लुकलुकीमागे किती ज्यूल होतात, ते काढा. एकच उपकरण चालू ठेवून लुकलुकी मोजा आणि त्याचे वॅट शोधा. उपकरणावर छापलेल्या आकड्याशी ते जुळतात का? फ्रिज असेल तर त्याचे मोटर चालू असताना आणि बंद असताना मोजून फरक पाहा.

३. घरातील सर्व उपकरणांची वॅट, तास व युनिट अशी यादी करा. पहिल्या दोन खर्चिक वस्तू कोणत्या? यादी करण्यापूर्वी आपला अंदाज लिहून ठेवा, म्हणजे गंमत कळेल.

४. उन्हाळ्यासाठी एक गणित: ७५ वॅटच्या पंख्याऐवजी ३० वॅटचा नवा पंखा रोज १२ तास चालवला, तर तीस दिवसांत किती युनिटे वाचतील? तुमच्या बिलाच्या टप्प्यानुसार त्यांचे पैसे किती? नव्या पंख्याची दुकानातील किंमत विचारून या आणि ती किती महिन्यांत फिटेल, ते काढा.

एक ताकीद. मीटरकडे फक्त पाहायचे. त्याला किंवा त्याच्या तारांना हात लावायचा नाही. रॉड चालू असताना पाण्यात बोट घालून पाहू नका आणि बादलीलाही शिवू नका. आधी बटण बंद, मग पिन बाहेर, मगच पाण्यात हात. धातूची बादली रॉडसाठी वापरू नका. दोन रुपयांची वीज वाचवण्याच्या किंवा दोन मिनिटांच्या घाईपायी जीव धोक्यात घालायचा नसतो.

शिक्षकांना एक विनंती. नववी-दहावीच्या वर्गात 'कार्य आणि ऊर्जा' किंवा 'उष्णता' शिकवताना एक तास मुलांच्या घरच्या बिलांना द्यावा. पुस्तकातील ज्यूल मुलांना परके वाटतात. ते घरच्या मीटरवर लुकलुकताना दिसले की ओळखीचे होतात. आणि वर्गातल्या एखाद्या मुलाला त्या दिवशी केवळ गुणांपुरते नव्हे, तर घरापुरते गणित मिळून जाते.